उबुंटूवर प्रोग्राम क्रॅश झाला, पण कोअर डंप कुठे गेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी आणि सी प्लस प्लस शिकणारे विद्यार्थी, कॉलेजचे प्रोजेक्ट करणारी मुलं आणि रोजच्या कामासाठी उबुंटू वापरणारे लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उबुंटू २२.०४ आणि २४.०४ डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. कमांड आणि फोल्डरची नावं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करा. बहुतेक अडचणींचं मूळ एकाच गोष्टीत असतं: डंप नेमका कुणाच्या हातात जातो हे न बघताच लोक सेटिंग बदलत सुटतात. म्हणून घाई असेल तर आधी प्रश्न २ आणि ३ वाचा.

१. कोअर डंप म्हणजे नेमकं काय?

प्रोग्राम कोसळला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे होतं त्याची प्रत म्हणजे कोअर डंप. कोणतं फंक्शन चालू होतं, ते कुणी बोलावलं होतं, व्हेरिएबलमध्ये काय होतं, किती थ्रेड होते, हे सगळं त्यात असतं. प्रोग्राम पुन्हा न चालवताही ही प्रत डीबगरमध्ये, म्हणजे जीडीबीसारख्या चूक शोधायच्या प्रोग्राममध्ये, उघडून चूक शोधता येते. दहा वेळा चालवल्यावर एकदाच येणाऱ्या क्रॅशसाठी तर याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

डंप प्रत्येक वेळी तयार होत नाही. प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, कोणता सिग्नल (सिस्टिमकडून येणारी क्रमांकाची सूचना) मिळाला यावर ते ठरतं. सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे सिग्नल ११, अबॉर्ट म्हणजे ६, शून्याने भागल्यावर येणारा ८ आणि बेकायदा इन्स्ट्रक्शनचा ४. हे आले की डंप निघतो. साधा ‘टर्म’ म्हणजे १५ आणि सक्तीचा ‘किल’ म्हणजे ९ आला तर निघत नाही.

२. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डंप्ड’ असं येतं, पण फोल्डरमध्ये कोअर नावाची फाइलच नाही. मेसेज खोटा आहे का?

मेसेज खरा आहे, फक्त त्याचा अर्थ आपण धरतो तेवढा मोठा नाही. कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, डंप बाहेर दिला, एवढंच शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) तुम्हाला सांगतं. तो घेणाऱ्याने पुढे ठेवला की टाकून दिला, हे शेलला ठाऊक नसतं.

उबुंटूवर डंप घेणारा असतो ॲपोर्ट नावाचा प्रोग्राम. कर्नल डंप डिस्कवर न लिहिता पाइपमधून थेट ॲपोर्टला देतं. ॲपोर्ट आधी बघतं की क्रॅश झालेला प्रोग्राम एखाद्या पॅकेजमधून आलेला आहे का. तुम्ही जीसीसी कंपायलरने आत्ताच कंपाइल केलेला ‘ए डॉट आउट’ कुठल्याच पॅकेजचा नसतो, म्हणून ॲपोर्ट त्याचा रिपोर्ट करत नाही. /व्हार/लॉग/ॲपोर्ट.लॉग ही फाइल उघडा. प्रोग्राम कोणत्याही पॅकेजचा नाही, सबब दुर्लक्ष, अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे सापडेल.

दुसरं म्हणजे उबुंटूवर कोअर फाइलच्या आकाराची सॉफ्ट मर्यादा (जी तुम्ही स्वतः वाढवू शकता) मुळातच शून्य असते. ‘यूलिमिट -सी’ ही कमांड द्या, ० असं उत्तर येईल. म्हणजे रिपोर्टही नाही आणि फाइलही नाही. यावर दोन उपाय आहेत. होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/ॲपोर्ट/सेटिंग्ज या फाइलमध्ये ‘मेन’ विभागाखाली ‘अनपॅकेज्ड=ट्रू’ असं लिहिलंत की तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामचेही रिपोर्ट तयार होतील. नाहीतर मर्यादा उठवा. त्याबद्दल प्रश्न ४ मध्ये आहे.

३. माझ्या मशीनवर डंप कोण घेतं हे कसं कळेल?

‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ ही कमांड द्या. उत्तराची सुरुवात उभ्या रेघेने, म्हणजे पाइपच्या चिन्हाने होत असेल, तर पुढे ज्या प्रोग्रामचं नाव आहे तो डंप घेतो. तिथे ॲपोर्ट दिसलं तर ॲपोर्ट, सिस्टिमडी-कोअरडंप दिसलं तर ते. पाइप नसेल तर जे लिहिलंय ते फाइलचं नाव. नुसतं ‘कोअर’ असेल तर प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालत होता तिथेच फाइल पडते.

इंटरनेटवरचा कोणताही उपाय करण्याआधी ही एक ओळ बघा. फेडोरा किंवा आर्चसाठी लिहिलेले उपाय उबुंटूवर चालवून लोक तासन्‌तास घालवतात, कारण तिकडे डंप घेणारा सिस्टिमडी-कोअरडंप असतो आणि इकडे ॲपोर्ट.

४. ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ दिलं, तरी चालू फोल्डरमध्ये फाइल येत नाही. असं का?

ॲपोर्टच्या नव्या आवृत्त्या कोअर फाइल चालू फोल्डरमध्ये टाकत नाहीत. ती /व्हार/लिब/ॲपोर्ट/कोअरडंप मध्ये जाते. नाव लांबलचक असतं: प्रोग्रामचा पत्ता, युजरचा क्रमांक, बूटचा क्रमांक, प्रोसेसचा क्रमांक आणि वेळ. ‘एलएस -एलटी’ दिलं की ताजी फाइल सगळ्यात वर दिसेल. जुन्या ट्यूटोरियलमध्ये अजूनही चालू फोल्डरच लिहिलेला असतो, म्हणून हा गोंधळ होतो.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर यूलिमिट कोणत्या टर्मिनलमध्ये दिलं ते आठवा. ही मर्यादा त्या शेलपुरती आणि त्यातून सुरू केलेल्या प्रोग्रामपुरतीच असते. दुसरा टॅब उघडला की पुन्हा शून्य. मेनूतून आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या प्रोग्रामला तर तुमच्या शेलमधली मर्यादा लागूच होत नाही. सर्व्हिसचा नियम आणखी वेगळा आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

५. मला ॲपोर्ट नकोच, असाइनमेंट करेपर्यंत साधी कोअर फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. काय करू?

‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप ॲपोर्ट’. सर्व्हिस थांबताना कोअर पॅटर्न बदलून पुन्हा साधं ‘कोअर’ असं करून जाते, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागत नाही. मग त्याच टर्मिनलमध्ये यूलिमिट उठवा आणि प्रोग्राम चालवा. ज्या फोल्डरमधून चालवताय तिथे तुम्हाला लिहिण्याची परवानगी हवी, नाहीतर फाइल पडणार नाही.

एका वेळी अनेक क्रॅश तपासायचे असतील तर नावात प्रोग्राम आणि प्रोसेसचा क्रमांक आलेला बरा. त्यासाठी ‘सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू’ पुढे कर्नल.कोअर_पॅटर्न बरोबर /टेंप/कोअर.%ई.%पी असं द्या. इथली कमांड ‘एस वाय एस सी टी एल’ अशी लिहितात. बरेच जण ‘सुडो एको’ देऊन बाणाच्या चिन्हाने थेट प्रॉकमधल्या फाइलमध्ये लिहायला जातात आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. सुडोचा अधिकार एकोला मिळतो. फाइल उघडायचं काम मात्र तुमचं साधं शेल करतं, आणि त्याला तो अधिकार नसतो.

६. सगळं नीट केलं होतं, मशीन रीबूट केलं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं.

बूट होताना ॲपोर्टची सर्व्हिस सुरू होते आणि कोअर पॅटर्न पुन्हा स्वतःकडे वळवते. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये फाइल ठेवलीत तरी उपयोग नाही, कारण ती आधी वाचली जाते आणि ॲपोर्ट नंतर येऊन तिच्यावर लिहितं. कायमचा बदल हवा असेल तर ॲपोर्टची सर्व्हिस ‘डिसेबल’ करावी लागते. मी मात्र कामापुरतं थांबवा असंच सुचवेन. उद्या तुमचं फाइल मॅनेजर किंवा ऑफिस कोसळलं, तर त्याचा माग ॲपोर्टच ठेवणार आहे.

७. /व्हार/क्रॅश मध्ये .क्रॅश नावाची फाइल मिळाली, पण जीडीबी ती उघडत नाही.

ती कोअर फाइल नाही, ॲपोर्टचा रिपोर्ट आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलात तर पॅकेजचं नाव, आवृत्ती, तारीख, सिग्नल हे सगळं वाचता येईल. खरा डंप त्याच फाइलमध्ये दाबून आणि अक्षरांत रूपांतर करून भरलेला असतो. ‘ॲपोर्ट-अनपॅक’ कमांडला रिपोर्टचं नाव आणि एका रिकाम्या फोल्डरचं नाव द्या. त्या फोल्डरमध्ये ‘कोअरडंप’ नावाची फाइल येईल, ती जीडीबीत उघडते. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तो रिपोर्ट दुसऱ्या युजरचा किंवा रूटचा आहे.

एक लक्षात ठेवा: /व्हार/क्रॅश मधल्या सात दिवसांहून जुन्या फायली रोजची सफाई काढून टाकते. रिपोर्ट हवा असेल तर लगेच दुसरीकडे ठेवा.

८. जीडीबीत फाइल उघडली, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

स्वतःचा प्रोग्राम असेल तर तो ‘-जी’ देऊन कंपाइल केलेला नाही. शिकताना ‘-जी -ओ०’ अशी जोडीच वापरा, म्हणजे कंपायलर ओळी इकडेतिकडे हलवत नाही.

‘-जी’ दिलेलं असूनही अर्थहीन नावं येत असतील, तर क्रॅशनंतर तुम्ही प्रोग्राम पुन्हा कंपाइल केलाय का ते बघा. डंप जुन्या बायनरीचा (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलचा) आणि समोर नवी बायनरी, असं झालं की पत्ते जुळत नाहीत. जीडीबी तशी सूचनाही देतं, पण ती सुरुवातीच्या भल्यामोठ्या मजकुरात हरवते. प्रोग्राम चालू असतानाच तो पुन्हा कंपाइल झाला असेल तर ॲपोर्ट रिपोर्टच करत नाही, आणि तसं लॉगमध्ये लिहून ठेवतं.

पॅकेजमधून आलेल्या प्रोग्रामसाठी डीबग चिन्हं, म्हणजे फंक्शनांची नावं आणि ओळींची माहिती, वेगळी मिळतात. ती पुरवणारा उबुंटूचा डीबगइन्फोडी सर्व्हर आहे. जीडीबीने सुरुवातीला विचारलं तर ‘वाय’ म्हणा, लागतील तेवढीच चिन्हं तो उतरवून घेतो.

९. फाइल नीट उघडली. आता जीडीबीत बघायचं काय?

आधी ‘बीटी’ द्या. फंक्शनांची उतरंड दिसेल. शून्य क्रमांकाला जिथे क्रॅश झाला ते फंक्शन, खाली त्याला बोलावणारी. समजा लिंक्ड लिस्टच्या प्रोग्राममध्ये शून्य क्रमांकाला ‘डिलीट_नोड’ आणि ओळ ५८ दिसली. ‘प्रिंट टेंप’ द्या. उत्तर शून्य पत्ता आलं, म्हणजे यादी संपली तरी लूप पुढे गेला आणि रिकाम्या पॉइंटरच्या ‘नेक्स्ट’ला हात लावला. ‘अप’ देऊन उतरंडीत एक पायरी खाली, म्हणजे बोलावणाऱ्या मेनमध्ये जा आणि ‘इन्फो लोकल्स’ द्या. काढायचा आकडा यादीत नव्हताच, हे तिथे दिसेल. अशा चुका दोन मिनिटांत सापडतात.

अवघड प्रकार दुसराच. शून्य क्रमांकाला तुमचं फंक्शन नसून सी लायब्ररीतली नावं दिसतात, सिग्नल ६ असतो आणि टर्मिनलवर ‘डबल फ्री’ किंवा ‘इन्व्हॅलिड पॉइंटर’ असं आलेलं असतं. लायब्ररी इथे निर्दोष आहे. मेमरी तुमच्या कोडने आधीच कुठेतरी बिघडवली आणि ते ‘फ्री’ किंवा ‘मॅलॉक’च्या वेळी उघडकीला आलं. डंप तुम्हाला उघडकीला आल्याची जागा दाखवतो, बिघडवल्याची नाही. इथे डंपवर अडून न बसता व्हॅलग्राइंड किंवा ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका पकडणारी साधनं लावा. सॅनिटायझरची एक अडचण प्रश्न १५ मध्ये आहे.

तिसरा प्रकार म्हणजे उतरंड संपतच नाही, एकच फंक्शन हजारो वेळा. रिकर्जनची थांबण्याची अट चुकली. ‘बीटी -१०’ दिलंत की उतरंडीच्या तळाच्या दहाच ओळी दिसतील आणि सुरुवात कुठून झाली ते कळेल. रिकर्जन नसतानाही फंक्शनमध्ये शिरताच क्रॅश होत असेल तर आत मोठा ॲरे लोकल म्हणून घेतलाय का बघा. स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी असते. हजार गुणिले दहा हजार पूर्णांकांचा ॲरे ४० एमबी मागतो.

१०. पहिल्या क्रॅशचा रिपोर्ट झाला, त्यानंतर तोच प्रोग्राम कितीदाही कोसळला तरी नवा रिपोर्ट नाही.

आधीचा रिपोर्ट अजून कुणी पाहिलेला नाही, म्हणून. सारख्या कोसळणाऱ्या प्रोग्रामने डिस्क भरू नये यासाठी ॲपोर्ट न पाहिलेल्या रिपोर्टवर नवा लिहीत नाही, आणि तसं ॲपोर्ट.लॉगमध्ये नोंदवतं. /व्हार/क्रॅश मधला जुना रिपोर्ट हलवा किंवा काढा, पुढचा क्रॅश नोंदला जाईल.

११. लॉगिन केलं की रोज ‘सिस्टिम प्रोग्राम प्रॉब्लेम डिटेक्टेड’ अशी खिडकी येते. मशीन बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. /व्हार/क्रॅश मध्ये पडून राहिलेल्या रिपोर्टमुळे ती खिडकी येते. आधी त्या फोल्डरमधल्या फायलींची नावं वाचा. नावात तिरप्या रेघांच्या जागी अंडरस्कोअर घातलेला प्रोग्रामचा पूर्ण पत्ता असतो, त्यामुळे कोण कोसळलं ते न उघडताही कळतं. नावं लिहून ठेवा, मग ‘सुडो’ देऊन फायली काढा. दुसऱ्या दिवशी तेच नाव परत आलं तर ती खरी तक्रार आहे; त्या पॅकेजचं अपडेट बघा. खिडकीचा त्रास होतो म्हणून ॲपोर्टच उडवून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने खिडकी जाते, क्रॅश तसाच राहतो.

१२. कुणी मदत करतो म्हणाला तर त्याला कोअर फाइल पाठवू का?

अनोळखी माणसाला नाही. त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं त्या फाइलमध्ये जातं: टाइप केलेला पासवर्ड, लॉगिनचं टोकन, उघडलेल्या पीडीएफमधला आधार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट. ब्राउझर, मेल किंवा पासवर्ड मॅनेजरचा डंप तर कुणालाच देऊ नका. मदतीसाठी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’चा मजकूर सहसा पुरतो. तोही पाठवण्याआधी वाचा, कारण फंक्शनला दिलेल्या किमती त्यात दिसतात. स्वतःच्या लिंक्ड लिस्टचा डंप मित्राला द्यायला काहीच हरकत नाही, फक्त बायनरीही सोबत द्या.

१३. प्रोग्राम अचानक नाहीसा होतो. मेसेज नाही, डंप नाही, रिपोर्ट नाही.

‘एको’ पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह देऊन बाहेर पडण्याचा आकडा बघा. शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून तो दाखवतं. १३९ म्हणजे सिग्नल ११, १३४ म्हणजे ६. १३७ आला तर सिग्नल ९, म्हणजे प्रोग्राम आपणहून कोसळला नाही, त्याला मारलं गेलं. बहुधा मेमरी संपली. ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून मेमरीवर लक्ष ठेवणारं सिस्टिमडी-ऊमडीही असतं; मेमरीवर ताण आला की ते कर्नलच्या आधीच पाऊल उचलतं आणि ब्राउझर किंवा एडिटर पूर्ण बंद करतं. त्याची नोंद ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ऊमडी’ने दिसते. सिग्नल ९ ला डंप नसतोच, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका.

१४. माझा प्रोग्राम सिस्टिमडी सर्व्हिस म्हणून चालतो. टर्मिनलमधलं यूलिमिट त्याला लागू होतं का?

नाही. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने सर्व्हिसच्या विभागात ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’ घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

१५. ॲड्रेस सॅनिटायझर लावल्यापासून कोअर डंप बंदच झाला.

६४ बिटवर सॅनिटायझर प्रचंड मोठा आभासी पत्त्यांचा पट्टा राखून ठेवतो. त्याचा डंप आवाक्याबाहेर जाईल म्हणून तो डंप मुद्दाम बंद करतो, आणि चूक सापडल्यावर सिग्नलने न मरता साधा बाहेर पडतो. हवाच असेल तर ‘एसॅन_ऑप्शन्स’ या व्हेरिएबलमध्ये ‘डिसेबल_कोअरडंप=०’ आणि ‘अबॉर्ट_ऑन_एरर=१’ द्या. तसं फारसं लागत नाही. सॅनिटायझर ओळीसकट जो अहवाल छापतो तोच जास्त कामाचा.

१६. प्रोग्राम कोसळत नाही, नुसता अडकून बसतो. तरी डंप घेता येईल?

येईल. ‘जीकोअर’ला प्रोसेसचा क्रमांक दिला की प्रोग्राम जिवंत ठेवून डंप मिळतो. उबुंटूवर एका प्रोसेसने दुसरीत डोकावण्यावर बंधन असल्यामुळे बहुतेक वेळा ‘सुडो’ लागतं. प्रोग्राम मेला तरी चालणार असेल तर त्याच टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबा. तो ‘क्विट’ सिग्नल आहे, आणि त्याला डंप निघतो. अडकलेल्या प्रोग्राममध्ये ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ दिलं आणि दोन थ्रेड एकमेकांच्या कुलुपाची वाट बघत उभे दिसले, तर डेडलॉक सापडला.

१७. कोअर फाइल कित्येक जीबीची दिसते. डिस्क भरेल का?

‘एलएस’चा आकडा आणि ‘डीयू -एच’चा आकडा ताडून बघा. कोअर फाइलमध्ये मोकळ्या जागा बऱ्याच असतात आणि त्या डिस्कवर लिहिलेल्या नसतात. दुसरीकडे नेताना साध्या कॉपीने त्या भरल्या जाऊ शकतात; ‘टार’ला ‘-एस’ हा कॅपिटल पर्याय द्या.

१८. सगळे म्हणतात सिस्टिमडी-कोअरडंप चांगलं. उबुंटूवर बसवू का?

रोज डीबगिंग करत असाल तर जरूर. ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ने सगळे क्रॅश तारखेनुसार दिसतात, ‘कोअरडंपसीटीएल डीबग’ने शेवटचा डंप थेट जीडीबीत उघडतो, आणि पॅकेजचा प्रोग्राम की घरचा असा भेद तो करत नाही. फायली /व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंप मध्ये दाबून ठेवल्या जातात आणि जुन्या आपोआप जातात. यादीत ‘मिसिंग’ दिसलं तर नोंद राहिली पण फाइल साफ झाली. ‘ट्रंकेटेड’ दिसलं तर आकाराच्या मर्यादेमुळे ती अर्धवट आहे. डंप घेणारा एका वेळी एकच असू शकतो, म्हणून बसवल्यावर प्रश्न ३ मधली ओळ पुन्हा बघा.

१९. डॉकर कंटेनरमधला प्रोग्राम कोसळतो, पण कंटेनरच्या आत काहीच सापडत नाही.

कोअर पॅटर्न सगळ्या कर्नलसाठी एकच असतो. कंटेनरला स्वतःचा वेगळा मिळत नाही. होस्टवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मूळ मशीनवर, पाइप असेल तर डंप होस्टच्या ॲपोर्टकडे जातो, आणि वेगळ्या माउंट नेमस्पेसमधला (फाइल सिस्टिम वेगळी दिसणाऱ्या कप्प्यातला) क्रॅश म्हणून ॲपोर्ट तो सोडून देतं. होस्टवर पाइपऐवजी साधा पत्ता दिलात, उदाहरणार्थ प्रश्न ५ मधला टेंपचा, तर तो पत्ता कंटेनरच्या आतला धरला जातो आणि फाइल तिथे पडते. कंटेनर सुरू करताना ‘--यूलिमिट कोअर=-१’ द्यायला विसरू नका, आणि टेंप फोल्डर होस्टवर माउंट करा, नाहीतर कंटेनर काढला की डंपही जातो.

२०. पायथन, जावा किंवा ब्राउझर कोसळला तर हेच नियम का?

पायथनमधला एरर हा सिग्नल नसतो, म्हणून डंप निघत नाही, पायथन छापतं तो ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा माग) वाचा. पायथनने बोलावलेल्या सी लायब्ररीत सेगमेंटेशन फॉल्ट आला तर मात्र वरचं सगळं लागू. जावाचं व्हर्च्युअल मशीन कोसळलं की चालू फोल्डरमध्ये ‘एचएस_एरर_पीआयडी’ने सुरू होणारी लॉग फाइल पडते, आधी ती वाचा. फायरफॉक्स आणि क्रोम आपले क्रॅश स्वतःच पकडतात. फायरफॉक्सचे ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ टाइप केल्यावर दिसतात.